फुसका बार

आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या मास्तराने बंदुकीच्या काडतुसावर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. आमच्या बेगमनाही वाटले. "लिहायला दुसरा विषय नाही का? उर्दू शाळांचे प्रश्न आहेत, मुलींच्या तालीमचा प्रश्न आहे. आणि आपल्या नावाच्या माणसाने पिस्तूल, काडतूस असले शब्द कागदावर उतरवावेतच कशाला?" असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो मनात ठेवूनच लिहायला बसलो आहोत.

'फुसका बार' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. न वाजलेल्या फटाक्यापासून पडलेल्या पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो चालतो. आमच्या शिक्षक खोलीत तर तो फारच चालतो. घटक चाचणीत ज्याच्याकडून अपेक्षा होती तो पोरगा आपटला, की कोणीतरी म्हणतेच, "फुसका निघाला." आम्हीही म्हणत होतो. पण खरा फुसका बार तळहातावर घेऊन दिव्याखाली पाहिला, त्या रात्रीपासून हा शब्द आमच्या तोंडून सहज निघत नाही. ती हकीकत सांगायची आहे. पण काडतूस म्हणजे काय हे समजल्याशिवाय ती कळणार नाही. म्हणून थोडी मास्तरकी सहन करावी.

बी.एड. होऊन आम्ही शाळेत लागलो, तेव्हा एन.सी.सी. सांभाळणारे सर निवृत्तीला आले होते. वयाने लहान म्हणून ते काम आमच्या गळ्यात पडले. प्रशिक्षणासाठी नागपूरजवळच्या कामठीला गेलो. तिथले ऊन आणि तिथली पहाटेची दौड यांविषयी न बोललेले बरे. परत आलो ते 'थर्ड ऑफिसर' होऊन. पॉइंट टू-टूची रायफल आम्ही पहिल्यांदा हातात धरली ती तिथेच.

ही रायफल साधी. बोल्ट हाताने मागे ओढायचा, काडतूस सरकवायचे, बोल्ट पुढे ढकलून खाली पाडायचा आणि चाप दाबायचा. बार झाला की पुन्हा हातानेच बोल्ट मागे. रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि पुढच्या काडतुसासाठी पुन्हा तेच. तिचे काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढे. पुढे शिशाची गोळी, ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. मागे पितळेची पातळ पुंगळी. तिच्यात दारू एक-दोन ग्रेन, म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली एक कड असते. सगळी गोम त्या कडेत आहे.

मोठ्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी पेटवणारी वेगळी टोपी बसवलेली असते. पॉइंट टू-टूला ती नसते. पेटवणारा मसाला त्या पोकळ कडेच्या आतच भरलेला असतो. कारखान्यात ओला मसाला पुंगळीच्या तळाशी टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवतात. ताटलीतले पाणी गरकन फिरवले की ते जसे कडेला चढते, तसा तो मसाला कडेत जाऊन बसतो. मग तो वाळवतात, वर दारू आणि गोळी. बंदुकीची पिन येऊन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास अशा काडतुसाची सुरुवात केली. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये ते रिव्हॉल्व्हरमध्ये आणले. आज जगभर चालणारे पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ चे. ते अजून टिकले याचे कारण ते स्वस्त आहे आणि त्याचा धक्का खांद्याला जाणवतसुद्धा नाही. शिकणाऱ्या मुलाला याहून चांगले काय असणार?

आता मसाला फिरताना कडेच्या एखाद्या भागात पोचलाच नाही, तर? पिनचा घाव नेमका तिथेच पडला, तर 'टक्' असा आवाज होतो आणि बार होत नाही. तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा घातले तर पुष्कळदा वाजतेही, कारण आता घाव दुसऱ्या जागी पडतो. म्हणजे काडतूस सबंध वाईट नसते. त्याच्या कडेचा एक कोपरा रिकामा असतो, एवढेच. रायफलीवर असे झाले की आम्ही मुलांना सांगत असू, "नळी निशाणाकडेच ठेवा, मनात तीस आकडे मोजा, कारण मसाला उशिरानेही पेटू शकतो. मग बोल्ट ओढा आणि दुसरे घाला." काम थोडे अडते, पण बिघडत नाही. हाताने चालणाऱ्या रायफलीला स्वस्तातले काडतूस पचते. हा धडा आम्ही पक्का पाठ केला होता, आणि पुढे याच धड्याने आम्हाला दगा दिला.

२२ ऑगस्ट २०१८. त्या दिवशी बकरी ईद होती. घरी पाहुणे होते, टीव्ही चालू होता. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले. बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, त्यातही बरोबरी झाली, आणि दुसऱ्या शूट-ऑफमध्ये ती जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आमचे गाव कोल्हापूरपासून एसटीने तासा-सव्वातासावर. म्हणजे हे आमच्याच घरचे पदक. दुसऱ्या दिवशी आम्ही ती बातमी वर्गात उर्दूत करून सांगितली. नववीतली एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सर, ते पिस्तूल आपल्याकडे कुठे शिकवतात?"

तिचे नाव लिहीत नाही. मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिला तिचे आयुष्य आहे. वडील हातगाडीवर फळे विकतात, अम्मी घरी शिवणकाम करते. एन.सी.सी.च्या रायफलीवर तिच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील अशा पडत. हात स्थिर, श्वास शांत. आम्ही वडिलांना भेटलो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, लडकी खेळात पुढे गेली तर आम्हाला खुशी आहे. पण आपल्या मोहल्ल्यातली पोरगी पिस्तूल चालवते, ही गोष्ट कुठे कशी पोचेल सांगता येत नाही." आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, "चाचा, सगळे कायद्याने होईल. जिम्मेदारी आमची." जिम्मेदारी हा शब्द उच्चारायला फार सोपा आहे.

एका क्लबात फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब शिकवत. त्यांनी तिला आधी हवेच्या पिस्तुलावर ठेवले, मग पॉइंट टू-टूच्या पिस्तुलावर घेतले. पिस्तूल क्लबचे, परवाना त्यांचा, मुलगी त्यांच्या देखरेखीखाली. प्रत्येक काडतूस वहीत लिहिले जाई: किती दिली, किती वाजली, किती पुंगळ्या परत आल्या. पिस्तुलाचे भाडे क्लबने माफ केले. काडतुसांचा खर्च मात्र आमच्याकडे आला.

इथे आम्ही हिशेबी झालो. जुम्याच्या नमाजनंतर चार लोकांशी बोलून, काही सहकाऱ्यांकडून शंभर-दोनशे घेऊन थोडी रक्कम उभी केली. सुभेदारसाहेबांनी सांगितले की टेनेक्ससारखी स्पर्धेची काडतुसे परवडणार नाहीत, पण मधल्या दर्जाची घेऊ. त्या मधल्या एका डबीच्या पैशात स्वस्तातल्या दोन डब्या येत होत्या. डबीत काडतुसे पन्नास. आम्ही गणिताचे नसलो तरी इतके गणित येतेच. शंभर गोळ्यांचा सराव पन्नासांपेक्षा जास्त. रायफलीवर तर असली काडतुसे आम्ही वर्षानुवर्षे चालताना पाहिली होती. "साहेब, स्वस्तातलीच घ्या. पोरीला सराव मिळू द्या," असा आग्रह आम्ही धरला. साहेब म्हणाले, "सर, हे रायफल नाही. पिस्तूल आहे." आम्ही ऐकले, पण समजून घेतले नाही.

ते काय म्हणत होते, ते आता सांगतो. या खेळातले पिस्तूल अर्ध-स्वयंचलित असते. एक बार झाला की पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते, चाप पुन्हा सज्ज होतो आणि मॅगझीनमधले पुढचे काडतूस वर चढते. मध्ये हात नाही. मग ही सगळी मेहनत कोण करते? झालेला बारच करतो. दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो, तसाच पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळी बोल्टला रेटते. बोल्ट कशातही अडकवलेला नसतो. त्याचे वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच तो उभा. त्या दोहोंचे माप एका ठरावीक जोराच्या काडतुसासाठी बसवलेले असते.

म्हणजे रायफलीत काडतुसाचे काम एकच, गोळी पाठवणे. इथे त्याने आपले काम करून पुढच्याचीही सोय लावायची. दारू जराशी कमी पडली तर बार होतो, गोळी निशाणावर जातेही, पण बोल्ट अर्ध्यावरूनच परततो. मग पुंगळी तोंडातच अडकून चुलीच्या धुराड्यासारखी उभी राहते. किंवा ती बाहेर पडते, पण पुढचे काडतूस वर येत नाही, आणि नेमबाज रिकामा चाप ओढतो. दारू जास्त झाली तर बोल्ट आदळतो आणि पिस्तुलाचे आयुष्य कमी होते. शिशाच्या गोळीला बाहेरून मेण लावलेले असते. स्वस्तातल्या काडतुसांत ते कमीजास्त असते, चेंबरमध्ये साचते, आणि दोनशे गोळ्यांनंतर चांगले काडतूसही नीट बसत नाही. दमट हवेत मसाला आणि दारू यांचे काय होते, ते आमच्याकडच्या जुलै महिन्याला विचारावे. सगळ्यात वाईट म्हणजे दारू जवळपास नसलेले काडतूस. 'फस्स' असा बारीक आवाज येतो, गोळी नळीतच अडकते, आणि पाठोपाठ दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते.

आमची समजूत अशी होती की महाग काडतूस म्हणजे जास्त जोराचे. ती चूक होती. स्पर्धेचे काडतूस जास्त जोराचे मुळीच नसते. त्याची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते, आणि स्वस्तातली कितीतरी काडतुसे त्याहून वेगवान असतात. जास्तीचे पैसे सारखेपणाचे असतात. पहिले, सतरावे आणि पन्नासावे सारखेच वागेल, याची किंमत. म्हणून मोठे नेमबाज डबीवरचा लॉट नंबर बघून, आपल्या नळीला कोणता मानवतो ते तपासून मगच साठा घेतात. अमेरिकेत हे काडतूस पाचशे-पाचशेच्या खोक्यांनी विकले जाते. २०१३ मध्ये तिथे त्याचाच तुटवडा पडला, तर लोक दुकान उघडण्याआधी रांगा लावत. तिथे शेतात डबे उडवणाऱ्याचे एखादे न वाजले तर तो हसून फेकून देतो. आमच्या पोरीला हसून फेकणे परवडणारे नव्हते. किती परवडणारे नव्हते, हे पुढे कळले.

सरावात अडथळे येऊ लागले. कधी धुराडे, कधी नुसते 'टक्'. सुभेदारसाहेब चेंबर पुसायला लावत, मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना ते पाहायला लावत. त्याने फरक पडे, पण अडथळे थांबले नाहीत. एका रविवारी आम्ही हजर होतो. पिस्तूल अडले, मुलगी घोटाळली. आम्ही आमची एन.सी.सी. काढली. "थांबायचे नाही. अडले की बोल्ट खेच, पुढचे आण आणि चालू ठेव." साहेब त्या वेळी दुसऱ्या टोकाला होते. मुलीने मान हलवली. सरांचे म्हणणे ती नेहमीच ऐकत असे.

२०१९ च्या अखेरीस एका मोठ्या शहरात स्पर्धा होती. या प्रकारात ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच मिनिटांत पाच. तो टप्पा तिचा चांगला गेला. दुसऱ्या ३० जलद. हात खाली तिरपा धरून उभे राहायचे, सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा. त्या तीन सेकंदांत हात वर, नेम आणि एकच गोळी. असे पाच वेळा. तिसऱ्या मालिकेत दुसऱ्या गोळीला आम्ही मागच्या खुर्चीवरून पाहिले: हात वर गेला, बोट दाबले गेले आणि आवाज आला नाही. पुढच्या क्षणी तिने डाव्या हाताने बोल्ट खेचला. न वाजलेले काडतूस उडून बाकावर पडले. पुढचे वर आले, ते तिने वेळेत झाडले. आम्ही मनात म्हणालो, शाबास.

शाबास नव्हते. मॅगझीनमध्ये पाचच काडतुसे भरायची असतात. पाचव्या हिरव्या दिव्याला तिच्याकडे गोळी उरली नव्हती. आणि नियम असा की पिस्तूल अडले तर नळी निशाणाकडे ठेवून मोकळा हात वर करायचा आणि पंचाला बोलवायचे. पंच काडतूस काढून पाहतो. कडेवर पिनची खूण असेल तर दोष नेमबाजाचा नाही. तो अडथळा मान्य होतो आणि उरलेली मालिका पुरी करू देतात. ३० गोळ्यांच्या टप्प्यात एकदा ही सवलत असते. पण सेफ्टी काढायची राहिली असेल, काडतुसे कमी भरली असतील, किंवा नेमबाजाने स्वतःच बोल्टला हात लावला असेल, तर अडथळा अमान्य आणि ती गोळी शून्य. तिने हात लावला होता, आमच्या सांगण्यावरून. पुढच्या मालिकांत तिचे निशाण ढळत गेले. नाव यादीत बरेच खाली आले.

परतीच्या एसटीत सुभेदारसाहेब नव्हते. इतर मुलांबरोबर ते मागे थांबले होते. मुलगी, तिचे वडील आणि आम्ही. ती एवढेच म्हणाली, "सर, बार झाला नाही." आम्ही शिक्षक. उत्तर तयारच असते. "बार आपोआप होत नसतो, करावा लागतो. घाबरलीस तू. तयारी कमी पडली." ती खिडकीबाहेर बघत राहिली. वडील खाली मान घालून बसले. हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

रात्री नऊच्या सुमाराला दार वाजले. वडील आणि मुलगी. वडिलांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मूठ उघडली नाही. मुलीनेच सांगितले. बाकावर पडलेले ते काडतूस तिने शरमेने ट्रॅकसूटच्या खिशात टाकले होते आणि विसरून गेली होती. अम्मीने कपडे धुवायला काढले तेव्हा ते हाताला लागले.

"सर, ये चीज हमारे घर में नक्को," वडील म्हणाले. मग त्यांनी मूठ उघडली.

करंगळीच्या दोन पेरांएवढी वस्तू. पण १९५९ चा शस्त्र कायदा ती जवळ बाळगायला परवाना मागतो. ते वाजले नव्हते, हे सांगायची वेळ नंतर येते. बॅगेत विसरून राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर माणसांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यातले पुष्कळ लोक पुढे सुटतात. पण फळवाल्याच्या गाडीपुढे एकदा पोलिसांची जीप थांबली, की तो सुटल्याची बातमी कोणाला कळते? वडिलांना काय दिसत होते ते आम्हाला समजत होते, कारण आम्हालाही तेच दिसत होते. बेगमनी मुलाला आतल्या खोलीत नेले. आमचे कपाट पुस्तकांनी भरलेले, पण एवढीशी वस्तू ठेवायला घरात जागा नव्हती.

सुभेदारसाहेबांना फोन केला. ते नुकतेच घरी पोचले होते. आम्ही म्हणालो, "पहिल्या गाडीने घेऊन येतो." ते म्हणाले, "तुम्ही हात लावू नका आणि कुठे नेऊ नका. तुमच्याकडे कागद नाहीत. मी निघतो." दिवसभराच्या प्रवासानंतर तो साठीचा माणूस थंडीत मोटारसायकलवर पन्नास किलोमीटर आला. तोवर काडतूस आमच्या टेबलावर, चहाच्या बशीत होते. चौघे त्याच्याभोवती बसलो होतो. कोणी बोलत नव्हते. दिवा जवळ ओढून आम्ही पहिल्यांदाच ते नीट पाहिले. कडेवर एका जागी चेपल्याची स्वच्छ, चौकोनी खूण होती.

साहेब आले. चष्मा लावून त्यांनीही तीच खूण पाहिली. मग मुलीकडे वळले. "पिन बरोबर पडली आहे. मसाला तिथे नव्हता. तुझा काही दोष नाही, पोरी. हात वर केला असतास तर पंचाने हीच खूण पाहून मान्य केले असते. बोल्ट खेचायला कोणी सांगितले?"

मुलगी काही बोलली नाही. आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आम्हीच म्हणालो, "आम्ही."

साहेबांनी काडतूस कागदात गुंडाळले, क्लबची वही काढली, तारीख घातली आणि लिहिले: न वाजलेले, १. मग वडिलांना म्हणाले, "चाचा, पोरगी निर्दोष आहे." वडिलांनी फक्त एवढेच विचारले, "साहेब, गिनती में आ गया ना?"

"आले," साहेब म्हणाले. तेव्हा कुठे वडिलांनी पाणी मागितले.

आम्ही आणि साहेब खूण पाहत होतो, कारण आमच्यापुढे प्रश्न होता चूक कोणाची. वडिलांच्या मनात मोजणी होती. सगळे मोजणीत आहे, बाहेर काही उरले नाही, एवढेच त्यांना हवे होते. बेगमनी आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या रात्रीच मिळाले आहे. आपल्या नावाच्या माणसाने हे शब्द कागदावर उतरवले पाहिजेत. वहीत नोंद झाली म्हणूनच ते घर त्या रात्री झोपले. न लिहिलेलेच खिशात राहते.

त्यानंतर आम्ही स्वस्तातल्या काडतुसांचा तिरस्कार करू लागलो असे नाही. साहेबांनी त्यांचाही उपयोग दाखवला. बार होत नाही, तेव्हा नेमबाजाचा हात उघडा पडतो. आवाज आणि धक्का नसल्यामुळे चाप ओढताना नळी खाली झुकली का, हे स्पष्ट दिसते. दोन-तीन फुसके निघाले की नेमबाज पुढचाही फुसकाच निघेल या धास्तीने चाप हिसकायला लागतो. त्या दिवशी शेवटच्या मालिकांत तिचे तेच झाले होते. काडतूस एक बिघडते आणि मागून पाच निशाणे बिघडवते. साहेबांनी काही रविवार मॅगझीनमध्ये मधूनच निकामी नकली काडतूस घालून तिचा हात पुन्हा बसवला. तेव्हापासून नियम ठरला: हाताच्या रायफलीला स्वस्तातले चालेल, पिस्तुलाच्या सरावाला मधले, लॉट लिहून, आणि स्पर्धेला ज्या लॉटच्या दोन डब्या आधी विनाअडथळा वाजल्या असतील तोच.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले. ते हवेचे पिस्तूल होते, काडतुसाचा संबंध नव्हता. दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. मुलगी दबावाखाली कोसळली, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. ती एसटीतली आमचीच भाषा होती. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदके घेतली, आणि ती भाषा बंद झाली. पण पदक न मिळालेल्या मुलांच्या कडेवरची खूण कोण पाहणार? वर्गात एखादे पोर उत्तर देता देता अडते, तेव्हा आम्ही आता हात आवरतो. घरात अभ्यासाला दिवा आहे का, पुस्तक वेळेवर मिळाले का, ज्या भाषेत प्रश्न विचारला ती त्याला समजली का, हे आधी पाहतो. कधी खूण सापडते, कधी नाही सापडत. काही वेळा पोराने खरेच सेफ्टी काढलेली नसते. तेव्हा रागावतोही. पण पाहून रागावतो.

ती मुलगी आज २१ ओलांडून गेली आहे. पदवीच्या अभ्यासाबरोबर पोलीस भरतीची तयारी करते. मोठे पदक तिला मिळालेले नाही. नेमबाजीसाठी तिने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केला, तेव्हा चौकशीसाठी पोलीस घरी आले. वडिलांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, डाळिंब सोलून पुढे ठेवले, आणि क्लबच्या वहीच्या झेरॉक्स दाखवल्या, त्या रात्रीच्या पानासकट. परवाना अजून यायचा आहे.

मागच्या महिन्यात काडतुसांसाठी पुन्हा पैसे जमवायचे ठरले. आम्ही सवयीने कागदावर हिशेब मांडू लागलो. वडिलांनी गाडीवरून हात पुसत कागदाकडे पाहिले. माणसाने आयुष्यभर आंब्याच्या आणि सफरचंदाच्या पेट्या उघडल्या आहेत. वरचा थर चांगला आणि खालचा सडका, हे त्यांना आम्ही काय शिकवणार?

"सर," ते म्हणाले, "पेटी अच्छी लेव. एक कम लिए तो चलता."